नव्वद मिनिटांची बारी, ऐंशी मिनिटांची सीडी

मुंबईत करी रोड, लालबाग, परळच्या चाळींत १९८० ते २००० या काळात दोन तऱ्हेच्या कॅसेट असत. एक विकत आणलेली: छापील कव्हर, कंपनीचं नाव, आत प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, नाट्यपदं नाहीतर हिंदी सिनेमाची गाणी. दुसरी भरलेली: कोरी आणायची, घरच्या टेपरेकॉर्डरवर भरायची आणि कव्हरवर बॉलपेनने लिहून ठेवायचं, ‘डबलबारी, गणपती, बाजू अ’. विकतची कॅसेट हरवली तर हळहळ वाटते, पण ते गाणं कंपनीच्या कपाटात, दुसऱ्या कुणाच्या घरी किंवा आता मोबाइलवर सापडतं. भरलेल्या कॅसेटची जगात दुसरी प्रत नसते. हे प्रकरण मुख्यतः तिच्याबद्दल आहे. घरच्या कॉम्प्युटरवर आवाज उतरवून घेणं आणि त्याची सीडी बनवणं हे तंत्र साऱ्या जगाने सिनेमाच्या गाण्यांसाठी वापरलं. त्याची खरी गरज मात्र या दुसऱ्या कॅसेटला होती, आणि अजून आहे.

करी रोड स्टेशनाच्या पूर्वेला लालबाग, पश्चिमेला ना. म. जोशी मार्ग. गिरण्यांच्या या पट्ट्यातल्या, म्हणजे गिरणगावातल्या, चाळींत कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी आपापल्या खोल्या धरल्या होत्या. एकेका खोलीत एका गावचे पुरुष पाळीप्रमाणे झोपत, खानावळीत जेवत आणि सुटीच्या संध्याकाळी पेटी, पखवाज, झांजा काढून भजनाला बसत. गणपतीत आणि चाळीच्या सत्यनारायणाला डबलबारी ठरे. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एका बुवाने आपली बारी मांडायची, अभंग, गौळण, गजर करत प्रतिस्पर्ध्यासाठी कोडं टाकायचं. दुसऱ्याने आपल्या बारीत ते सोडवून नवं टाकायचं. रात्र सरे. शब्द बरेचदा तिथल्या तिथे जुळवलेले असत. त्या रात्रीचा सामना पुढच्या वर्षी तसाच्या तसा होणं शक्यच नसे. म्हणूनच कुणीतरी टेपरेकॉर्डर घेऊन कर्ण्याजवळ किंवा थेट मंचाच्या कडेला बसत असे.

याच वस्तीने त्याआधी शाहिरांचं लाल बावटा कला पथक ऐकलं होतं. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी ते १९४४ साली उभं केलं. गिरणगावच्या मैदानांवर त्यांच्या आवाजाने हजारो माणसं बांधून ठेवली, पण ऐकणाऱ्या कामगाराच्या हातात तो आवाज धरून ठेवायचं कुठलंच साधन नव्हतं. रेकॉर्ड छापणं हे कंपनीचं काम होतं. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट मांडली आणि ही परिस्थिती बदलायची सुरुवात झाली. ऐकण्याचं यंत्र आणि भरण्याचं यंत्र एकच झालं. गिरणी कामगाराला स्वतःच्या मंडळाचा आवाज पहिल्यांदा स्वतःच्या घरी ऐकता आला. त्या कॅसेट एसटीने गावाला जात, गावाहून परत येत.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सोनीने जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर बाजारात आणला. या दोन घटनांचा आपसात काही संबंध नव्हता. गिरणगावात सीडी यायला अजून पुष्कळ वर्षं जायची होती. पण सीडीचे नियम तोवर ठरले होते, आणि त्यातला एक आकडा पुढे प्रत्येक कॉम्प्युटरवर दिसू लागला: ४४,१००.

आवाज म्हणजे हवेच्या दाबाची चढउतार. मायक्रोफोन त्या चढउताराची विजेची चढउतार करतो, कॅसेट तिचं चुंबकीय चढउतारात रूपांतर करते. इथवर सगळं सलग असतं, वेलांटीसारखं कुठेही न तुटणारं. कॉम्प्युटरला सलग काही साठवता येत नाही. तो ठरावीक अंतराने माप घेतो आणि आकडा लिहून ठेवतो. सीडीसाठी हे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात, डाव्या आणि उजव्या बाजूचं वेगवेगळं. प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात, म्हणजे आवाजाच्या उंचीला ६५,५३६ पायऱ्या मिळतात. माणसाचा तरुण, निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. गणिती नियम असा, की एखादं कंपन पुन्हा जसंच्या तसं उभं करायचं तर सेकंदाला त्याच्या दुपटीहून जास्त मापं हवीत. २०,०००ची दुप्पट ४०,०००; वर, त्याहून उंच कंपनं अडवणाऱ्या गाळणीसाठी थोडी जागा ठेवायची.

मग ४४,०००च का नाही, वरचे १०० कुठून आले? उत्तर टीव्हीत आहे. सीडी घडत होती तेव्हा एवढे आकडे साठवायला स्वस्त साधन एकच होतं, व्हिडिओ टेप. आवाजाचे आकडे टीव्हीच्या चित्राच्या ओळींत काळे-पांढरे ठिपके म्हणून लिहीत. एका ओळीत तीन मापं बसत. भारतात आणि युरोपात वापरल्या जाणाऱ्या ५० हर्ट्झच्या पद्धतीत चित्राच्या २९४ ओळी वापरल्या, तर ३ × २९४ × ५० = ४४,१००. अमेरिका-जपानच्या ६० हर्ट्झच्या पद्धतीत २४५ ओळी वापरल्या, तर ३ × २४५ × ६० = ४४,१००. दोन्ही टीव्ही पद्धतींना चालेल असा तो आकडा होता. व्हिडिओ टेप गेली, तसले टीव्ही गेले, आकडा राहिला. मला हा हिशेब फार आवडतो. आपण ज्याला निव्वळ तांत्रिक नियम समजतो, त्याच्या पोटात त्या काळात हाताशी काय होतं त्याची नोंद असते.

कॉम्प्युटर घराघरांत आला तो २०००च्या आसपास, लॅमिंग्टन रोडवर भाग जुळवून केलेला. त्यात सीडी वाचणारा ड्राइव्ह असे. थोडे पैसे जास्त घातले की ‘रायटर’ मिळे. विंडोज एक्सपी २००१ साली आलं आणि सीडी राइट करण्याची सोय त्यातच मिळू लागली, तरी बहुतेक जण ‘नीरो’ हाच जर्मन प्रोग्राम वापरत. आवाज कापायला, सांधायला ‘ऑडॅसिटी’ फुकट होती. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेला हा प्रोग्राम २००० साली लोकांसाठी खुला झाला. आजही कॅसेट उतरवायला त्याहून सोयीचं साधन मला माहीत नाही.

कॅसेट उतरवण्याचं निम्मं काम मात्र कॉम्प्युटरच्या बाहेरच असतं, आणि घाई तिथेच होते.

कपाटात वर्षानुवर्षं पडलेली कॅसेट थेट लावू नये. मुंबईच्या दमट हवेत टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर ती कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी. एकाच डेकवर लावत गेलं की बुरशी सगळीकडे पसरते. बुरशी नसेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात आणि ताण सारखा होतो. टेपला हेडवर दाबणारी छोटी नमद्याची गादी आत असते. तिचा गोंद सुकून ती गळून पडली असेल तर आवाज बसका, दबलेला येतो. अशा वेळी दुसऱ्या, स्क्रू असलेल्या कॅसेटच्या डबीत टेप हलवता येते. हेडवर तपकिरी थर बसलेला असतो तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावा.

यानंतरची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आणि जुन्या भरलेल्या कॅसेटसाठी तीच सगळ्यात मोलाची आहे. हेडमधली फट टेपच्या प्रवासाशी बरोबर काटकोनात असावी लागते. ज्या टेपरेकॉर्डरवर बारी भरली त्याचं हेड किंचित तिरपं असेल, तर दुसऱ्या सरळ हेडच्या डेकवर झांजांचा झणकार मेल्यासारखा वाटतो, बुवांचे ‘स’ आणि ‘श’ ओळखू येत नाहीत. लोक म्हणतात, टेप खराब झाली. बहुतेक वेळा टेप चांगली असते. हेडच्या शेजारी एक छोटा, कधी स्प्रिंग लावलेला स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी कणाकणाने फिरवत, कान झांजेवर ठेवून, झणकार सर्वांत उघडा लागेल तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागू शकतं. कॉम्प्युटरवर नंतर कितीही खटपट केली तरी इथे गेलेला झणकार परत येत नाही.

मग वायर. डेकला मागे लाल-पांढरी ‘लाइन आउट’ असेल तर तीच घ्यावी. नसेल तर हेडफोनचं भोक चालतं, आवाज मध्यावर ठेवून. कॉम्प्युटरच्या पाठीमागे निळं भोक लाइनसाठी, गुलाबी मायक्रोफोनसाठी, हिरवं स्पीकरसाठी. गुलाबी भोकात डेकची वायर घातली की आवाज फाटतो, आणि त्या काळच्या कित्येक घरगुती सीडींवर तो फाटका आवाज कायमचा बसलेला आहे. आजच्या लॅपटॉपला निळं भोक नसतंच. तिथे यूएसबीला लागणारा छोटा ऑडिओ इंटरफेस घ्यावा. भरताना ऑडॅसिटीतली पट्टी सर्वांत मोठ्या गजरालाही टोकाच्या सहा डेसिबल खालीच राहील अशी ठेवावी. आवाज थोडा हळू भरला गेला तर नंतर वाढवता येतो. टोकाला आपटून सपाट झालेली लहर कुणालाच दुरुस्त करता येत नाही. डबलबारीत तर सावध राहायलाच हवं, कारण बुवांच्या एकट्याच्या आलापातून सगळ्या मंडळाच्या गजरात जाताना आवाज एकदम उसळतो.

आता हिशेब. सेकंदाला ४४,१०० मापं, प्रत्येक दोन बाइटचं, दोन बाजू: १,७६,४०० बाइट. मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट. नव्वद मिनिटांची एक कॅसेट जवळपास ९५३ मेगाबाइट घेते. त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरची हार्ड डिस्क २० किंवा ४० गिगाबाइटची असे, म्हणजे वीस ते चाळीस कॅसेटींत ती भरून जायची. म्हणून लोकांनी एमपीथ्रीचा आधार घेतला.

एमपीथ्री जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत घडली, फाइलला ‘.एमपीथ्री’ हे शेपूट लावायचं १४ जुलै १९९५ला ठरलं. तिचा आधार कानाच्या एका सवयीवर आहे. मोठा आवाज चालू असताना त्याच्या आसपासच्या सुरांतला बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. पखवाजावर थाप पडली की त्या क्षणी मागच्या बाकड्यावरची कुजबुज आपल्यापर्यंत पोचत नाही. तर मग ती कुजबुज साठवायची कशाला? एमपीथ्री असं बरंच काही गाळून टाकते आणि सेकंदाला १२८ किलोबिटच्या दराने तीच नव्वद मिनिटं सुमारे ८६ मेगाबाइटमध्ये बसवते, म्हणजे अकरापट लहान.

पण भजनाला याची किंमत मोजावी लागते. एमपीथ्री आवाजाचे सेकंदाच्या सुमारे अडतिसाव्या भागाएवढे तुकडे पाडून हिशेब करते. एखाद्या तुकड्यात आधी शांतता आणि मग एकाएकी तीक्ष्ण आघात असेल, तर हिशेबातली चूक आघाताच्या आधीच्या शांततेतही सांडते. घडवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. स्पेनच्या नाचातल्या कॅस्टनेट, म्हणजे लाकडी चिपळ्यांसारख्या वाद्याचं ध्वनिमुद्रण ते याच दोषाच्या कसोटीला लावत. तीक्ष्ण आघात करणारं वाद्य आपल्याकडेही आहे, टाळ आणि झांज. संथ भावगीत १२८च्या एमपीथ्रीत छान ऐकू येतं, तर त्याच दराच्या बारीत झांजा वाळू चाळल्यासारख्या खरखरतात. म्हणून मूळ प्रत ठेवायची तर आकडे आहेत तसेच ठेवणाऱ्या वेव्ह फाइलमध्ये नाहीतर फ्लॅकमध्ये. फ्लॅक २००१ साली आली. ती काहीही न गाळता, निव्वळ लिहिण्याच्या काटकसरीने फाइल साधारण निम्म्यावर आणते, आणि उलगडली की मूळ आकडे एकही न बदलता परत मिळतात. एमपीथ्री वाटायला ठेवावी, जपायला फ्लॅक.

मग सीडी. १२ सेंटिमीटर व्यासाच्या, १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर आतून बाहेर जाणारी एकच वेढ्यावेढ्यांची वाट असते. उलगडून सरळ केली तर ती पाच-सहा किलोमीटर भरेल, म्हणजे करी रोडहून निघून माहीमच्या आसपास पोचेल. दोन वेढ्यांतलं अंतर १.६ मायक्रॉन. कारखान्यात छापलेल्या सीडीत या वाटेवर खरे खड्डे असतात. घरच्या कोऱ्या सीडीत खड्डे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो. रायटरमधला लेसर वाचायला लागते त्याच्या कितीतरी पट शक्तीने पेटतो आणि तो थर ठिकठिकाणी करपवतो. वाचणाऱ्या लेसरला ते डाग खड्ड्यांसारखे भासतात. सीडीची खालची बाजू गडद निळी, हिरवट किंवा फिकट सोनेरी दिसते ती या रंगद्रव्यांमुळे. त्या काळी ग्रेटर नोएडाची मोझर बेअर ही कंपनी अशा कोऱ्या सीडी बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणली जाई. २०१८ साली तिच्यावर दिवाळखोरीतून अवसायनाची वेळ आली.

सुरुवातीच्या रायटरांचा एक छळ होता. लेसर एकदा निघाला की थांबता येत नसे. कॉम्प्युटरकडून माहिती यायला क्षणभर उशीर झाला, रायटरची छोटी साठवण रिकामी झाली, की सीडी वाया. म्हणून राइट करताना कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही, स्क्रीनसेव्हरसुद्धा बंद. २००० साली सान्योने लेसर थांबवून नेमका तिथूनच पुढे सुरू करण्याची युक्ती आणली, इतर कंपन्यांनीही तशाच युक्त्या काढल्या, आणि हा त्रास संपला.

बारीचा खरा प्रश्न वेगळाच होता. कॅसेट नव्वद मिनिटांची, सीडी ऐंशी मिनिटांची. दहा मिनिटं कुठे कापायची? अनेकांनी शेवटचा गजर कापला, कारण तो शेवटी असतो. माझ्या मते ही चूक होती. सगळा सामना गजरात चढतो. ज्यांना भजनाची जाण होती त्यांनी दोन सीडी केल्या, प्रत्येक बुवाची एक. त्याहून मोठी गडबड म्हणजे दोन सेकंदांची. सीडीवर गाणी एकेक करून लिहिण्याच्या पद्धतीत प्रत्येक गाण्यानंतर दोन सेकंद शांतता येते. सिनेमाच्या गाण्यांना ती चालते. बारी मात्र सलग असते, अभंगाच्या शेवटच्या तिहाईतूनच गौळणीचा ठेका निघतो. तिथे दोन सेकंद शांतता आली की पखवाजी अडखळल्यासारखा वाटतो. नीरोमध्ये ‘डिस्क ॲट वन्स’ निवडून मधलं अंतर शून्य केलं की हे टळत असे. तरीही सांध्यावर टिक् असा आवाज येई, त्याचं कारण असं: सीडीचा सेकंद ७५ तुकड्यांत विभागलेला असतो, प्रत्येक तुकड्यात ५८८ मापं. आपण आवाज भलत्याच ठिकाणी कापला तर उरलेला तुकडा शांततेने भरला जातो. ऑडॅसिटीत वेळ ‘सीडीडीए फ्रेम’मध्ये दाखवायला सांगून त्या रेघेवरच कापलं की सांधा कळत नाही.

ज्यांनी अशा सीडी २००० ते २०१० या काळात बनवल्या त्यांना वाटलं, काम झालं. कॅसेट टाकून दिल्या गेल्या. चाळ पुनर्विकासाला गेली, संक्रमण शिबिरात जागा कमी, टेपरेकॉर्डर भंगारात. सीडी राहिल्या. आणि घरी बनवलेल्या सीडी छापलेल्या सीडींएवढ्या टिकत नाहीत. करपवलेलं रंगद्रव्य उन्हाने, उष्णतेने, दमट हवेने बदलत जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तर सांगून ठेवलं आहे की कंपन्या कोऱ्या सीडीचं आयुष्य दहा-पंचवीस वर्षं किंवा त्याहून जास्त सांगत असल्या, तरी अनुभव २ ते ५ वर्षांचा आहे. चांगल्या ठेवलेल्या कितीतरी सीडी वीस वर्षांनीही वाचता येतात हे खरं. त्या भरवशावर राहू नये एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय चकतीची नाजूक बाजू वरची असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक आहे. वर चांदीचा थर आणि त्यावर लाखेचा अगदी पातळ लेप, बस्स. बॉलपेनने जोर देऊन लिहिलं किंवा चिकटवलेलं लेबल ओढून काढलं की चांदी निघते आणि तिच्यासोबत गाणं. सीडी दिव्यासमोर धरून पाहा. टाचणीएवढी उजेडाची भोकं दिसली तर तिथला मजकूर गेला. खालच्या बाजूचे ओरखडे मात्र बरेचदा निभावून जातात. सीडीवर आकडे ओळीने लिहिलेले नसतात. एका पोथीची पानं दहा घरांत वाटून ठेवावीत आणि प्रत्येक घरी इतरांच्या पानांची थोडी खूणही द्यावी, तसं काहीसं केलेलं असतं. वाटेवर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग डाग पडला तरी उरलेल्यावरून मूळ आकडे पूर्ण जुळवता येतात. म्हणून पुसतानाही मधून कडेकडे सरळ पुसावं, गोल गोल पुसू नये. गोल ओरखडा वाटेच्याच दिशेने लांब जातो आणि दुरुस्तीच्या हद्दीबाहेर निघतो.

या सीडी आता पुन्हा उतरवून घ्यायच्या तर एक फसगत टाळावी. संगीताची सीडी कॉम्प्युटरला लावली की विंडोज ‘ट्रॅक ०१.सीडीए’ अशा नावांच्या फाइली दाखवतं. लोक त्या पेन ड्राइव्हवर ओढून घेतात, समाधानाने सीडी फेकून देतात आणि नंतर काहीच वाजत नाही. ती प्रत्येक फाइल ४४ बाइटची असते; तिच्यात गाणं कुठे सुरू होतं आणि किती लांब आहे एवढाच पत्ता लिहिलेला असतो. आवाज काढायला ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखा प्रोग्राम लागतो. तो शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघतो आणि कुठे खात्री नाही तेही सांगतो. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा ड्राइव्ह बरेचदा वाचतो, जुना, सावकाश चालणारा असेल तर जास्तच. काढलेला आवाज फ्लॅकमध्ये ठेवावा. जर सीडीवर मुळातच एमपीथ्री फाइली असतील, एकेका चकतीवर बारा तासांच्या, तर त्या नुसत्या उचलून घ्याव्यात. पुन्हा बदलून आणखी एकदा गाळण करू नये. आणि जिथे मूळ कॅसेट अजून आहे तिथे सीडी बाजूला ठेवून कॅसेटच नव्याने उतरवावी. त्या वेळच्या गुलाबी भोकापेक्षा आज चांगलं काम होतं.

कायद्याचंही थोडं. खासगी वापरासाठी, स्वतःच्या घरी प्रत करून ठेवायला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ने मोकळीक दिली आहे. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षं टिकतो, कलावंताचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं, आणि शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अमर शेख आणि अण्णा भाऊ दोघेही १९६९ साली गेले. त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२९च्या अखेरपर्यंत आहे. चाळीतली बारी यूट्यूबवर टाकायची असेल तर त्या बुवांना, नाहीतर त्यांच्या घरच्यांना विचारायलाच हवं. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, आणि विचारायला गेलं की घरातून आणखी दोन कॅसेट निघतात.

उतरवलेल्या फाइलला नाव देणं हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांनी १९९०च्या दशकात त्यांतल्या कितीतरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित केल्या. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात, त्या गाणारीचं नाव, गाव, तालुका यांसकट. नाव आणि गाव नसतं तर त्या ओव्यांचा ढीग निनावी राहिला असता. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली गिरणगावचा मौखिक इतिहास पुस्तकात आणला तोही माणसांच्या नावांनिशी. चाळीतल्या बारीसाठी एवढं लिहावं: साल, महिना, प्रसंग, चाळ, दोन्ही बुवा, दोन्ही पखवाजी, पेटी कुणाची, कोरसला कोण, कॅसेट कुणाच्या घरची, कोणत्या डेकवर उतरवली. फाइलच्या नावात साल आधी, मग ठिकाण, मग बाजू; बाकीचं सोबतच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरी, शक्यतो गावाला.

पखवाज कोण वाजवतंय हे सांगू शकणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. कुणी विरारला, कुणी बदलापूरला, कुणी कणकवलीजवळच्या गावी परत गेलेलं. त्यांना दोन मिनिटांचा तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवावा. त्यातला आवाज दाबलेला असतो, पण हात ओळखायला तेवढा पुरतो. उत्तर आलं की त्याच दिवशी मजकुराच्या फाइलमध्ये लिहावं, सांगणाऱ्याच्या नावासकट.